काडीवरचा बोळा

मी मुळातच भित्री. विंचू, वीज, दिवाणजी, नवरा, सगळ्यांना भीत असे. पण खरी भीती एकच, कापसाच्या आगीची. लहानपणी माहेरच्या जिनाची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, आग मी पाहिली होती. कापूस भडकून जळतो तेव्हा दिसतो तरी. आतल्या आत धुमसतो तेव्हा कळतही नाही. वरून गंजी पांढरीशुभ्र, आणि बांबू खुपसला की आत लाल. आणि माझं नशीब असं की लग्न करून आले ती पुलगावच्या अलीकडच्या एका जिनातच. नवरा इंजिनवर फिटर, आणि मी, सासू, जाऊ अशा तिघी आत रेच्यांवर. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र. रांगेनं बाया बसत आणि त्याला कापूस चारत. तान्ही पोरं मागच्या ढिगात निजवलेली असत. जावेचा मुलगाही तिथंच निजे.

लग्नाला तेव्हा दोन-तीन महिनेच झाले होते. हे घरात बोलत नसत. जेवताना मीठ कमी असलं तर ताट थोडंसं सरकवायचे, बस. मारलं कधी नाही, ओरडलेही क्वचित. पण न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची पावलं वाजली की मी उगाच चुलीतली लाकडं सारत बसायची.

एक दिवस ऐन हंगामात इंजिन बंद पडलं. बंद पडलं म्हणजे यांनीच बंद केलं, कारण मोठ्या दांड्याच्या बेअरिंगला तेल पोचवणारी तांब्याची नळी मधोमध तुटली होती. आवारात गाड्यांची रांग लागलेली, बैल सोडलेले, आणि जिनाचा कारभार पाहणारे दिवाणजी यांच्या डोक्यावर उभे. मदतनीस हिंगणघाटला गेलेला. तेव्हा यांनी मला हाक मारली. "इकडं ये वं. तांब्याचे भांडे चांगले घासतं तू. चिच घेऊन ये अन् राख."

डाख द्यायचं, म्हणजे कथील वितळवून सांधा जोडायचं, काम विहिरीजवळ, कापसापासून लांब. पण डाख देणं हा शेवटचा भाग. खरा जीव घासण्यात. आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात नळी टाकून जुनं तेल काढलं. मग बाहेरून रेजमालाचा खरखरीत कागद, आणि तुटलेल्या टोकांवर बसवायच्या जोडाच्या रुंद तुकड्याला आतून चिंच आणि बारीक राख. तांबं काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं गुलाबी. मला छान वाटलं आणि मी सवयीनं त्यावरून बोट फिरवलं.

"हात नोको लावू!" ते ओरडले. "बोटाचं तेल लागलं तं डाख धरत नाई."

मी इतकी दचकले की चिंचेची वाटी सांडली. त्यांनी ती जागा पुन्हा घासली. मग नळीचं आतलं अंग कोरडं करायला एका काडीला रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा गुंडाळला आणि आत फिरवला. आमच्या जिनात चिंधी कोणी शोधतच नसे. हात पुसायचा, तेल टिपायचं, जखमेवर ठेवायचं, सगळ्याला रुई. हात खाली नेला की मूठभर यायची. दिवाणजी सारखे "झालं का? झालं का?" करत होते. यांनी काडी बाजूला टाकली, नवसागर लावला, झोताचा दिवा फुरफुरला, डाख वितळून जोडाभोवती चांदीसारखा फिरला. नळी बसवली. इंजिन सुरू झालं, बाया उठून रेच्यांवर गेल्या.

मी विहिरीजवळचा पसारा आवरायला थांबले. वाटी, रेजमाल, राखेचं टोपलं. काडी उचलली तर ती उघडी होती.

मला आधी काही वाटलं नाही. मग बोळा आठवला. मी जमीन धुंडाळली, राख चाळली, सोड्याच्या निवलेल्या पाण्यात हात घालून पाहिलं. बोळा कुठंच नव्हता. म्हणजे तो नळीत होता. म्हणजे बेअरिंगला तेल जात नव्हतं, दांडा कोरडा फिरत होता, आणि त्याच्याभोवती भिंतीला, तुळईला, सगळीकडे रुईची लव चिकटलेली. भिंतीपलीकडे बाया. ढिगात पोरं.

इंजिनघरात बायकांनी पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. आत दिवाणजी होते, दोन हमाल होते. त्यांच्यासमोर नवऱ्याला सांगायचं, तुमचं चुकलं म्हणून! आज हसू येतं. त्या घटकेला मला आग जास्त भयंकर की हे जास्त, तेच ठरवता येत नव्हतं. पाय मात्र धावत सुटले होते.

इंजिनच्या आवाजात हळू बोलायची सोय नव्हती. पदर सावरला आणि जीव खाऊन ओरडले, "अवो, काडीवरचा बोळा आत राह्यला!"

सगळ्यांनी ऐकलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, वळले, बेअरिंगवर पंजा ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. पुढच्या क्षणी इंजिन बंद. त्या शांततेत करपट वास आला. बेअरिंगच्या कडेची लव तपकिरी झाली होती. पेटली नव्हती. एका हमालानं पाण्याची बादली आणून जवळ ठेवली.

नळी काढली, विहिरीजवळ नेऊन डाख पुन्हा वितळवला. बोळा आतच होता, एका बाजूनं करपलेला.

"कोणाच्यानं झालं हे?" दिवाणजींनी माझ्याकडे बघत विचारलं.

"माह्याच्यानं," हे म्हणाले.

मग सगळं पहिल्यापासून. सोडा, रेजमाल, चिंच, राख. या वेळी कोणी घाई केली नाही. जोड लावायच्या आधी त्यांनी नळीचा हातभर तुकडा उजेडाकडे धरून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. तरी खात्री पटेना, आणि नळी माझ्याकडे झाली. "तू पाह्य."

मी एका टोकाला डोळा लावला. पलीकडच्या टोकाला ते अजून वाकलेलेच होते. गुलाबी भोकाच्या शेवटी फक्त त्यांचा डोळा दिसत होता. लग्नानंतर इतक्या सरळ मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"काई दिसते का?" त्यांनी विचारलं.

"तुमचा डोया दिसते."

"आनखी?"

कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "भेलेला हाय तो."

ते सावकाश सरळ झाले. दिवाणजी आणि हमाल तिथंच उभे होते.

"हाव," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "लय भेलो मी."