नळाकडे, जिन्याकडे

माझ्या सासूसासऱ्यांना एकमेकांशी बोलताना ऐकायचं असेल, तर सकाळी अंगणात उभं राहावं लागे. एरवी घरात दोघंही मूग गिळून बसलेले. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला म्हणावं, आलोच." दोघांमध्ये हातभर अंतर, तरी निरोप्या मीच.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझी नणंद शाळकरी वयात तापाने गेली. बाबा जीप घेऊन कामावर गेलेले, आई त्यांची वाट पाहत राहिल्या. "शेजाऱ्यांची गाडी का नाही मागितलीस?" असं बाबा एकदा म्हणाले. "तुम्ही का नाही आलात?" असं आई एकदा म्हणाल्या. त्यानंतर भांडायलाही कुणी तोंड उघडलं नाही. मला तर कडाकडा भांडणारी माणसं परवडली.

बाबा जनरेटर भाड्याने द्यायचे. जनरेटर दोन चाकांच्या ट्रेलरवर आणि ट्रेलर जीपच्या मागे. जीप मागे घेत घेत तिचा लोखंडी गोळा नेमका ट्रेलरच्या दांड्याखाली आणायचा आणि मग दांडा त्यावर सोडायचा. बोटभर चुकलं तरी पुन्हा पुढे जा, पुन्हा मागे या. चालवणाऱ्याला तो गोळा दिसत नाही, म्हणून आई दांड्यापाशी उभ्या राहत. त्या जीपकडे तोंड करून उभ्या आणि बाबा मान वळवून मागे बघणार, त्यामुळे त्यांचं डावं ते बाबांचं उजवं. शेवटी डावं-उजवं सोडून त्यांनी अंगणातला नळ आणि जिनाच धरला होता.

"नळाकडे."

"किती?"

"चिमूटभर. अहो, चिमूटभर म्हटलं मी! आता जिन्याकडे. या, या... बस!"

त्यात राग नव्हता, लोभही नव्हता. पण बोलणं होतं. चहाचं आधण ठेवून मी ते कान देऊन ऐकायची.

माझा नवरा म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने जीपला मागे कॅमेरा बसवून आणला.

"आता आईला उन्हातान्हात उभं राहायला नको," तो म्हणाला.

"राहू दे ना. तेवढंच दोघं बोलतात."

"त्याला काय बोलणं म्हणतात?"

याच घरात वाढलेला तो. त्याला काय सांगणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी आई सवयीने दांड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाबा छोट्या पडद्याकडे बघत जीप मागे आणू लागले.

"नळाकडे," आई म्हणाल्या. जीप आधीच नळाकडे वळली होती.

"जिन्याकडे." तिकडेही ती आधीच वळली होती. गोळा पहिल्याच खेपेला दांड्याखाली येऊन थांबला. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

बाबांनी उतरून दांडा अडकवला, खिट्टी लावली. आई अजून तिथेच होत्या, हात अर्धवट वर धरून. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. बाबा जीपकडे जाता जाता थांबले आणि वळले.

"काही म्हणालीस?"

कामापलीकडचं काही त्यांनी आईंना विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पातेलं हातात घेऊन मी दारातच थिजले. मनात म्हटलं, बोला हो आई, काहीही बोला.

"नाही," आई म्हणाल्या.

बाबा जीपमध्ये बसले आणि कामावर निघून गेले.