आम्ही ल्योंला जेवायला गेलो

त्या वर्षी मी वसईला सासूबाईंना एक पत्र लिहिलं. या सुट्टीत आम्ही गावी येत नाही, चौघं फ्रान्सला जातोय, चार दिवस, जेवायला. बाकी सगळे मजेत.

'जेवायला' हा शब्द मी मुद्दाम लिहिला होता. 'फिरायला' लिहिलं असतं तर कदाचित माफी मिळाली असती. दिराच्या मुलाचं पहिलं कम्युनियन, चर्चमधला मोठा सोहळा, मे महिन्यात होतं, सगळं घर जमणार होतं, आणि बहारीनहून बॅगा भरून येणारी आम्हीच तेवढी नसणार होतो. पत्राला उत्तर आलं नाही. मीही दुसरं लिहिलं नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी मनामातल्या एका हॉस्पिटलात नर्स होते. नवरा एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत होता. शहराच्या झिंज भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. मुलांशी आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोन वर्षांतून एकदा लीव्ह मिळायची आणि लीव्ह म्हणजे गाव, यात काही ठरवण्यासारखं असतं हे आमच्या डोक्यातही यायचं नाही.

नवरा सतराव्या वर्षी मुंबईत एका बेकरीत लागला होता. तिथे खारी करायला शिकला. पीठ लाटायचं, त्यावर लोणी पसरायचं, घडी घालायची, गार होऊ द्यायचं, पुन्हा लाटायचं. लोणी पिठात मिसळलं की पदर सुटत नाहीत, सगळा खेळ एवढाच. बहारीनच्या उन्हाळ्यात लोणी बघता बघता पाण्यासारखं होतं, म्हणून तो हॉटेलच्या थंड खोलीत काम करायचा. जुलै महिन्यात, बाहेर रस्ता तापलेला असताना, हा माणूस पिशवीत स्वेटर घालून कामाला निघायचा. त्या खोलीत तो क्रोसाँ करायचा, लोण्याचा, पदरापदराचा, चंद्रकोरीसारखा फ्रेंच पाव. हॉटेलात उतरलेली माणसं तो दुसऱ्यांदा मागून घ्यायची.

मग हॉटेलने फ्रेंच जेवणाचा आठवडा करायचं ठरवलं. ल्यों शहरातला एक नवीन शेफ आला होता, त्याच्या देखरेखीखाली. जाहिरातीसाठी फोटो काढायचा होता. नवऱ्याने टोपली लावली, पांढरा कोट घातला, उभा राहिला. मॅनेजर आला, बघितलं, आणि म्हणाला, "टोपली राहू दे. तू जरा बाजूला हो." टोपलीमागे रिसेप्शनवरच्या एका गोऱ्या मुलीला उभं केलं. तिने आयुष्यात पीठ मळलं नसेल.

हे मला नवऱ्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. तो जेवत नव्हता नीट.

"आणि शेफ काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो वाईट नाही," नवरा म्हणाला. "तो म्हणाला, तुझा हात चांगला आहे. पण तुझ्या जिभेला माहीत नाही हात काय शोधतोय ते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिकडचा कधी खाल्लेला नाही."

फोटोचा मला राग आला होता, पण तो राग ओळखीचा होता. बाजूला हो म्हणणारी माणसं मी वॉर्डात रोज बघायचे. शेफचं बोलणं मात्र आत जाऊन बसलं, कारण ते खरं होतं. दहा वर्षं हा माणूस एक पदार्थ करत होता आणि तो कसा असायला हवा हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत होतं. मी भांडी घासता घासता ठरवलं आणि हात पुसून बाहेर येऊन सांगितलं, "या लीव्हला ल्योंला जाऊ. मुलांना घेऊन."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. "आणि घरी काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"आईला काय वाटेल?"

"वाईट वाटेल," मी म्हणाले. "वाटू दे."

पैसे कुठून आणले हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

हॉस्पिटलातल्या सगळ्यांना कळलं. इमारतीतही कळलं. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडची एक वहिनी राहायची, मनाने फार चांगली. ती एक डबा घेऊन खाली आली. दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट. "अगं, तिकडे मुलं खाणार काय? काहीतरी आपलं हवं ना जवळ."

मी डबा परत दिला. तिला फार लागलं ते. "वहिनी, राग मानू नका," मी म्हणाले, "पण आम्ही तिकडचं खायलाच चाललोय. डबा जवळ असला तर मुलं पहिल्या घासाला तोंड फिरवतील आणि मी डबा उघडेन. मला स्वतःचीच खात्री नाही."

"आणि उपाशी राहिली तर?"

"चार दिवसांत कुणी मरत नाही. नर्स आहे मी."

पॅरिसला विमानातून उतरून आम्ही ल्योंची गाडी धरली. एप्रिल होता. बहारीनच्या मुलांना ती थंडी म्हणजे कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी. शहरात दोन नद्या, त्यातल्या एकीच्या काठावर सकाळचा बाजार, आणि बाजाराच्या मागे टेकडीवर चढत गेलेली जुनी उंच घरं. बहारीनला जिदहफ्सच्या बाजारात मी घासाघीस करायचे ती भाषा मला येत होती. इथे मी बोटाने दाखवायचे आणि हसायचे.

पहिल्याच सकाळी नवऱ्याने बेकरी गाठली. एक क्रोसाँ घेतला, बाहेर फुटपाथवर उभा राहिला, आधी मधोमध मोडून आतले पदर बघितले, नाकाला लावला, मग खाल्ला. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत. तो पुढच्या बेकरीत गेला. मग त्याच्या पुढच्या. चौथ्या दुकानापर्यंत मुलगा रडकुंडीला आला होता. "डॅडी, नो मोअर ब्रेड!"

"खलास, झालं," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, कुणी चोरून ऐकेल अशा भीतीने म्हणाला, "लोणी यांचं चांगलं आहे. आपल्याकडे असलं येतच नाही. पण दोन दुकानांत पदर माझ्यापेक्षा जाड आहेत."

"आणि बाकीच्या दोन दुकानांत?"

"बाकीच्या दोघांचे पाय धरावेत असे."

तेवढ्याकरता मी सगळ्यांशी वाईटपणा घेतला होता. माझे पैसे तिथे फुटपाथवर वसूल झाले.

पण जेवण राहिलं होतं. दोन दिवस आम्ही बाजारातलं खाल्लं. लसूण आणि पातीचा कांदा घातलेलं चक्क्यासारखं ताजं चीज, ते मुलाने बोटाने चाटून संपवलं. साखरेत घोळलेल्या बदामांचा लालभडक टार्ट, त्याने मुलीचे दात गुलाबी झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी साडी नेसले. वर कोट घातला, खाली मोजे, पण साडी नेसले, आणि म्हणाले, "आज टेबलावर बसून जेवायचं."

शेफने एका जुन्या खाणावळीचं नाव नवऱ्याला कागदावर लिहून दिलं होतं. लाकडी दार, चौकटी-चौकटीची टेबलक्लॉथ, आत धुरकट ऊब. दारात मालकीणबाई उभी होती, साठीची, कमरेला एप्रन. तिने आधी माझी साडी बघितली, मग मुलं बघितली, आणि मान हलवली. जागा नाही.

तिच्या मागे तीन टेबलं रिकामी दिसत होती.

"चल, दुसरीकडे जाऊ," नवऱ्याने माझ्या कोटाची बाही ओढली.

"नाही."

"मम्मी, प्लीज, लेट्स गो," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "एव्हरीबडी इज लुकिंग."

"बघू दे," मी मराठीत म्हणाले. मग मालकीणबाईला इंग्रजीत सांगितलं, "आम्ही थांबतो." तिला इंग्रजी कळलं की नाही कोण जाणे, पण मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले ते तिला कळलं. वॉर्डात मी बारा-बारा तास उभी राहिलेली बाई आहे. उभं राहण्यात मला कोण हरवणार?

वीस मिनिटं झाली असतील. आमच्यामागून आलेलं एक जोडपं आत गेलं आणि बसलं. नवऱ्याने ते बघितलं. मग त्याने माझी बाही सोडली आणि तोही माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. मुलगा खाली माझ्या पायांशी बसला, थेट वाटेत. वेटरला त्याला ओलांडून जावं लागत होतं. मी त्याला उठवलं नाही.

शेवटी मालकीणबाईने हात उडवला आणि आम्हाला नेऊन बसवलं, किचनच्या दाराला चिकटलेल्या टेबलावर. दार उघडलं की माझ्या खुर्चीला लागायचं. तिला वाटलं असेल, सगळ्यात वाईट जागा दिली. नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला. त्याला तिथून आतली भट्टी दिसत होती.

मेन्यू फ्रेंचमध्ये होता. मालकीणबाई वही घेऊन उभी, आता यांची मजा बघू अशा चेहऱ्याने. नवऱ्याने मेन्यू मिटून ठेवला आणि मागवायला लागला. त्याला फ्रेंच येत नव्हतं, पण किचनमधले शब्द सगळे येत होते. हॉटेलात रोज तेच तर ऐकायचा. तिने मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

आधी डुकराच्या मांसाचा जाडजूड सॉसेज आला, मऊ ब्रियॉश पावाच्या पोटात भाजलेला. बहारीनमध्ये डुकराचं मांस सहज मिळायचं नाही. मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि तुटून पडली. मग माशाच्या लगद्याचा फुगलेला, लांबट वडा, शेवंडीच्या रसात बुडवलेला. मी त्यात पाव बुडवला, मग चमचा, मग कुणी बघत नसताना बोट. आम्ही मासे खाणारी माणसं. कोळंबीची डोकी कुटून रस काढणाऱ्या घरात मी वाढले. तो रस कुणी कसा काढला असेल हे मला जिभेवर कळत होतं, आणि त्यात हळद-कोकम नाही म्हणून मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळांना ऐकवलंय. ते कुणालाच आवडत नाही.

ताटं उचलताना मालकीणबाईने विचारलं, ठीक होतं का? नवरा म्हणाला, "फार चांगलं." मग तो पुढे म्हणाला, तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये, बोटांनी फुगल्याची खूण करत, "ब्रियॉश... यीस्ट... थोडं जास्त."

तिने ताटं परत टेबलावर ठेवली. मग किचनचं दार ढकलून तिने कुणालातरी हाक मारली. तिचा भाऊ बाहेर आला, कोपरापर्यंत पीठ. तिने त्याला जे सांगितलं त्यात काही गोड नव्हतं. भाऊ आत गेला आणि मळलेल्या पिठाचा एक गोळा घेऊन आला, आमच्या टेबलावर आपटला. नवऱ्याने त्यात बोट खुपसलं, काढलं, खळगा कसा भरून येतो ते बघितलं. दोघं हातांच्या खुणांनी भांडले. ऊब, वेळ, यीस्ट, परत ऊब. बाजूच्या टेबलावरची माणसं काटे खाली ठेवून बघत होती. कोण बरोबर होतं ते मला माहीत नाही. भावाने काही कबूल केलं नाही. पण आत जाताना त्याने हाताला पीठ होतं म्हणून मनगट पुढे केलं, आणि नवऱ्याने ते धरून हलवलं. मालकीणबाईने मात्र शेवटपर्यंत आमच्याकडे हसून बघितलं नाही. मुलाने टेबलावर कोपर टेकवले म्हणून त्याला दटावलं तेवढं.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "डॅडी, यू वेअर सो रूड!" आणि त्याच्या कमरेला मिठी मारून चालायला लागली.

बहारीनला परत आल्यावर नवऱ्याने शेफला गाठलं. "खाऊन आलो," म्हणाला. "आता मला लोणी बदलून द्या." दोन महिन्यांनी दुसरं लोणी आलं. पुढच्या वर्षी पुन्हा फ्रेंच आठवडा, पुन्हा फोटो, पुन्हा "जरा बाजूला हो." तो बाजूला झाला, पण टोपली उचलून घेऊन. मॅनेजर ओरडला. नवरा म्हणाला, "पाव माझा आहे. तो माझ्याबरोबर उभा राहील." शेवटी हॉटेलने चीजचा फोटो छापला. त्याची नोकरी गेली नाही. आम्ही मात्र जाईल म्हणून तयारीत होतो.

गावी आम्ही त्यानंतरच्या लीव्हला गेलो. सासूबाई पहिले दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोराचं कम्युनियन सोडून जेवायला गेलात." मी म्हणाले, "हो, गेलो. आणि परत जाऊ." 

संध्याकाळी मी मागच्या पडवीत मासे साफ करत होते. धाकटी जाऊ येऊन शेजारी बसली, विळीवर माझ्याऐवजी तीच कापायला लागली. थोड्या वेळाने खालमानेने तिने विचारलं, "तिकडे बायका एकट्या हॉटेलात जेवतात का गं?"

"जेवतात," मी म्हणाले. "त्या खाणावळीत एक म्हातारी होती. एकटीच. वाईनचा ग्लास, समोर अख्खा मासा, सावकाश काटे काढत होती. कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं."

जावेने हातातला मासा धुतला, परत धुतला. "पासपोर्ट काढायला नवऱ्याची सही लागते का?" तिने विचारलं.