चिमटीने उघडणारा चाकू

सोलापूरहून निघताना माझ्या पिशवीत कडक भाकरीची चवड, शेंगाचटणीचा डबा आणि डोक्यात एक कट होता. बेंगळुरूत तीस वर्षं मुरलेल्या माझ्या मित्राला, मुकुंदाला, तिथल्या सावनदुर्गाच्या डोंगरावर चढवायचं. फोनवर त्याने तीनदा नाही म्हटलं, म्हणून मी सरळ तिकीट काढलं. समोर येऊन बसलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. तो माणूस मी असलो तर जवळजवळ अशक्य.

के. आर. पुरमला सकाळी उतरलो. मुकुंद फलाटावर उभा होता, उजवा हात स्वेटरच्या खिशात. तो हात वर्षभरापासून थरथरतो, हे मला ठाऊक होतं. खिशातला हात मात्र पहिल्यांदाच पाहिला.

कॉलेजात आम्ही सहा जण सह्याद्रीत भटकायचो. प्रत्येकाचं काम ठरलेलं. स्टोव्ह एकाचा, पाणी एकाचं, गाणं माझं, कारण मला दुसरं काहीच येत नव्हतं. चाकू मुकुंदाचा. पाटबिट न घेता, तळहातावर कांदा धरून तो अशा चकत्या काढायचा की त्यांतून पलीकडचा किल्ला दिसावा. काम न करता नुसतं खाणाऱ्याला आम्ही 'बोचकं' म्हणायचो. याहून मोठी नामुष्की आमच्यात नव्हती.

"बोचकं होऊन मी येणार नाही," रिक्षात बसता बसताच त्याने सांगितलं. "कांदा चिरता येत नाही. विषय संपला."

"गप बे," मी म्हणालो. "हाताचं काही नाही, चाकूचं चुकतंय. नवा घेऊ."

हे मी साफ ठोकून दिलं होतं. पण एकदा नाटक सुरू केलं की पडदा पडेपर्यंत मी थांबत नाही.

इंदिरानगरात गिर्यारोहणाच्या सामानाचं एक चकचकीत दुकान निघालं. आमचं मराठी ऐकून विक्रेता खुलला. पुण्याचाच होता.

"काका, हा मल्टीटूल एकदम टॉप. अठरा फंक्शन्स. पक्कड, करवत, कात्री, दात कोरायची काडी... फिशचे खवले काढायचं पातंसुद्धा आहे!"

"आम्ही डोंगरावर चाललोय रे. तिथे मासे चढलेच, तर खवले तेच काढून देतील."

मी ऐटीत पातं उघडायला गेलो. पात्याच्या खाचेत नख घातलं, ओढलं आणि नखच तुटलं. मग मुकुंदाने खिशातून हात काढला. नख खाचेवर टेकेना. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते अठरा हत्यारांचं गाठोडं खाडकन काचेवर पडलं.

"इट्स ओके, काका," विक्रेता हळूच म्हणाला.

मुकुंदाचा हात परत खिशात गेला. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गुपचूप त्याच्यामागून डोसा खायला गेलो. कॉफीचा छोटा पेला त्याच्या हातात दवऱ्यावर (कॉफी गार करायच्या वाटीवर) ताडताड वाजत होता. पण मग त्याने पाण्याचा भरलेला पितळी जग उचलला आणि माझा ग्लास बऱ्यापैकी नीट भरला.

"हे कसं जमलं?"

"वजन असलं की हात जरा ऐकतो."

"मग जड चाकू बघू ना! आपण हलका कशाला बघत होतो?"

"आपण नाही. तू," तो म्हणाला. पण उठला.

सिटी मार्केटमागच्या लोखंडी सामानाच्या गल्लीत एक वयस्क अक्का कोयते आणि विळे घेऊन बसल्या होत्या. मुकुंद त्यांच्याशी कानडीत बोलला. पहिल्यांदाच कुणाला तरी त्याने हात दाखवला, तोही न लपवता. अक्कांनी तो डॉक्टरांसारखा निरखला. "स्वल्प इरी" (जरा थांबा), म्हणाल्या आणि मागून एक चाकू काढून आणला. एकच पातं, जाड लाकडी मूठ, वजन चांगलं भरलेलं. मिटला तरी पात्याची पाठ मुठीबाहेर राहत होती. ती चिमटीत धरून ओढायची, मग पितळी कडी फिरवायची की पातं पक्कं. नखाचं कामच नाही.

अक्कांनी तो फळीवर ठेवला, हातात दिला नाही. पातं हातात दिलं की भांडण लागतं, ही समजूत आपल्याइतकीच तिथेही पक्की. त्यामुळे मला मदत करायची सोय उरली नाही. मुकुंदाने स्वतःच उचलला. चिमटी दोनदा निसटली. मग पातं उघडलं.

"सरी" (ठीक), अक्का म्हणाल्या, जणू यायला उशीर त्यानेच केला होता.

दुसऱ्या दिवशी शोभावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, गाडीने आम्हाला पायथ्याशी सोडलं. सावनदुर्ग म्हणजे एकच अवाढव्य, उघडाबोडका काळा खडक. आमच्या गुडघ्यांनी अर्ध्यात संप केला. सावली बघून बसलो. भाकरी चुरली, चटणी काढली.

मुकुंदाने सपाट दगडावर कांदा ठेवला. पहिल्याच घावाला कांदा सटकला आणि खडकावरून टणाटण उड्या मारत खाली गेला. मी उठलो.

"बस खाली, बे!"

बसलो. त्याने दुसरा कांदा घेतला, मी खाली चमकणाऱ्या तलावाकडे बघत राहिलो. शेवटी माझ्या भाकरीवर कांद्याचे धोंडे येऊन पडले.

"चकत्या कुठायत?" मी विचारलं.

"तुझं गाणं तरी कधी सुरात होतं?"

आम्ही इतके हसलो की वरून उतरणारी माणसं थांबून बघायला लागली.

परतीची गाडी तिसऱ्या दिवशी दुपारची होती. निघताना वहिनींनी जेवणाचा डबा हातात दिला. मुकुंद बाजूला उभा राहून उगाच आकाश बघत होता. सोलापूरची तरुण टोळी आता कुठे मिळायची, असला विचार करत मी हळवा होऊन खिडकीशी बसलो, आणि भूक लागल्यावर डबा उघडला. पोळी, भाजी, काकडीची कोशिंबीर. वहिनींची कोशिंबीर मी तीस वर्षं खातोय. तिच्यात काकडी अशी बारीक असते की शोधावी लागते. या डब्यात काही फोडी फाशांएवढ्या होत्या, काही कागदासारख्या पातळ, आणि एकीला अर्धं देठ तसंच होतं.

देठासकट सगळी खाल्ली.