आधीचे कोण?

"ती ख्रिश्चन आहे? वाटत नाही अजिबात."

"अगं, ते आपल्यातलेच असतात. म्हणजे, आपल्यातले नाहीत गं, पण... कळलं ना?"

कळलं. दोघी हसल्या. मायक्रोवेव्ह वाजला, त्यांनी आपापले डबे काढले आणि गेल्या. मी फ्रिजच्या आडोशाला पाण्याची बाटली भरत होते. बाटली कधीच भरली होती, पाणी माझ्या हातावरून वाहत होतं. डिसेंबरचं पाणी. नळ बंद करायचं सुचलं नाही.

पहिला आवाज सानिकाचा, ती माझ्या शेजारी बसते. दुसरा केतकीचा, ती आमच्या ऑफिसात एचआरला आहे. केतकी वाईट नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा तिने घरून मऊ भात आणून दिला होता. लहानपणी मला वाटायचं, अपमान करणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात. येत नाहीत.

पुण्यात, खराडीतलं ऑफिस. परदेशातल्या क्लायंटना शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवायचा होता. त्याची मीटिंग झाली.

"मेरी ख्रिसमस नको," केतकी म्हणाली. "हॅपी हॉलिडेज म्हणू या. सगळे धर्म त्यात आले पाहिजेत. कुणाला दुखवायचं नाही आपल्याला."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या शब्दांचं मला वावडं नाही. थंडीत कितीतरी लोकांचे सण येतात, सगळ्यांना पुरेल अशी शुभेच्छा असावी, यात चूक काय? पण दसऱ्याला याच हॉलमध्ये लॅपटॉपना हळदकुंकू वाहिलं होतं. आरती झाली. मी टाळ्या वाजवल्या. दिवाळीत दारात रांगोळी, लक्ष्मीची तसबीर, पेढे. मला ते आवडलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की सगळे धर्म आले पाहिजेत. माझा सण आला आणि सगळ्यांना एकदम जग आठवलं.

मी हळूच म्हणाले, "शेवटी एकदा 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणू या का? मराठीत?"

"नाताळ?" सानिका म्हणाली. "किती क्यूट. कॅलेंडरवर छापतात तसं."

विषय तिथेच संपला. जाताना केतकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मधोमध उभी राहायचंस हं. काहीतरी ख्रिसमससारखं घाल. तू ओरिजिनल आहेस ना आमची."

आमचं घर नगर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी. आम्ही चार पिढ्या ख्रिस्ती. नाताळ म्हणजे आमच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे. चर्चमध्ये पेटी आणि तबला. बायका काठपदराच्या साड्या नेसून, गजरे माळून येतात. केकही असतो. बेकरीतला, पोरांसाठी.

आई बालवाडीत शिकवते. मला तिने हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. इंग्रजीत कुणी जात विचारत नाही, असं तिला वाटायचं. इंग्रजीत नाही विचारली. शाळेच्या गेटपाशी एका मैत्रिणीच्या आईने मराठीत विचारली. "ख्रिश्चन का? बरं. पण आधीचे कोण?"

आई माझं बोट धरून चालायला लागली. घरी आल्यावर म्हणाली, "कुणी विचारलं तर सांगायचं, माहीत नाही."

ते मी पाठ केलं. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. लोकांना ते सहन होत नाही. रिक्षावाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळे फिरून फिरून तिथेच येतात. आधीचे कोण? माहीत नाही.

एकदाच खरं सांगितलं होतं. कॉलेजात असताना नारायण पेठेत एक खोली घेतली होती. घरमालकीण बाई प्रेमळ. संध्याकाळी हाक मारून चहा द्यायच्या. एकदा गप्पांच्या ओघात त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता आपली ओळख झाली आहे. सांगितलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. चहा संपल्यावर माझा कप त्यांनी उचलला नाही. "विसळून तुझ्या खोलीतच ठेव गं तो. तुला राहू दे."

थोड्या दिवसांनी त्यांच्या भाच्याला खोली हवी झाली. मी खोली सोडली. भाचा आलाच नाही. मी समोरच्या मेसमध्ये जेवायला जायचे तेव्हा माझ्या जुन्या खोलीच्या खिडकीत अंधारच दिसायचा.

तेव्हापासून मी कमी बोलते. ऑफिसात मला 'शांत' म्हणतात. खराडीत एकटी राहते. रविवारी चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते, प्रार्थना संपायच्या आत निघते. तिथेही कुणी नाव विचारेल, मग गाव विचारेल. शेजारणीला मी कोण ते ठाऊक नाही. दाराला मी तारा लावत नाही. नाताळचा तारा, कागदाचा, आत दिवा असलेला. घरी बाबा दरवर्षी गच्चीवर बांधतात.

शूटिंगच्या दिवशी मी साडी नेसले. आईचीच, हिरवी, लाल काठांची. ती नेसून आरशात पाहिलं तेव्हा फार दिवसांनी मला घरी असल्यासारखं वाटलं.

केतकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं, हे काय? हळदीकुंकवाला निघालीस की काय?"

"आमच्याकडे नाताळला साडीच नेसतात."

"ते बरोबर गं. पण क्लायंटला कसं कळणार? कन्फ्यूज होतील ते."

सानिका लाल वनपीसमध्ये आली होती. ती मधोमध गेली. मला मागे ख्रिसमसच्या झाडाशेजारी उभं केलं. "थोडी अजून आत. साडी दिसत्येय." मी अजून आत गेले. प्लॅस्टिकच्या फांद्या गालाला टोचत होत्या. सगळे ओरडले, हॅपी हॉलिडेज. मी नुसते ओठ हलवले.

मग मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला. सगळे आपापला चेहरा शोधत होते. मीही शोधला. झाडामागे माझं एक कोपर दिसत होतं. ऑफिसातली एकुलती एक ख्रिस्ती मुलगी ख्रिसमसच्या झाडामागे उभी होती, आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आईने एसटीने डबा पाठवला होता. तो मी टेबलावर उघडून ठेवला. आमचे मॅनेजर, सगळे त्यांना सर म्हणतात, आधी तेच आले.

"करंज्या? दिवाळीच्या उरल्या वाटतं."

"नाही सर. नाताळच्या. आईने केल्यात."

"अरे वा. म्हणजे धर्म बदलला, फराळ तोच." सगळे हसले. त्यांनी एक करंजी घेतली, अर्धी खाल्ली. "उत्तम झाल्यात हो. आईंना सांग." मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक विचारू? राग मानू नकोस. आधीचे कोण तुम्ही?"

सानिका करंजी हातात धरून थांबली. केतकी मोबाइलकडे बघायला लागली, कान मात्र इकडे.

माझं उत्तर जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांत ते विचार न करता येतं. पण समोर आईचा डबा होता. तिने एकेका करंजीला मुरड घातलेली. मुरड घालताना ती गुणगुणते. आता 'माहीत नाही' म्हणायचं म्हणजे या डब्याशेजारी उभं राहून ही बाई माझी कोणी नाही असं म्हणायचं. तिने मला ते उत्तर मला वाचवायला दिलं होतं. त्याने मी वाचले नव्हते. त्याने मी फक्त एकटी पडले होते.

आवाज बारीकच निघाला. तरी थांबले नाही.

"आम्ही महार होतो, सर. पणजोबांना गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ज्यांनी शेजारी बसवून घेतलं, त्यांच्यात ते गेले. आता हे ऐकून हातातली करंजी खाली ठेवायची असेल, तर ठेवा. मी इथून हलणार नाही. आणि माझ्या सणाला नाताळ म्हणा."