पाणी उतरेना

इंद्रायणी आमच्याकडे अजून पोरसवदा आहे. कुरवंड्याच्या डोंगरात उगम, मग लोणावळ्याच्या कडेने खाली मावळात. लांबी थोडी, उतार तीव्र, आणि खाली सगळा काळा कातळ. पाणी मुरायला जागाच नाही, म्हणून ती येते झटक्यात आणि ओसरतेही झटक्यात. वर पाऊस थांबला की दोन तासांत आमची फरशी, म्हणजे गाव आणि डांबरी रस्ता जोडणारा बुटका पूल, मोकळी. हा ठोकताळा माझ्या वडिलांचा, आबांचा. अख्खं गाव त्यांना विचारून नदी ओलांडायचं.

त्या श्रावणात सकाळीच आबांच्या छातीत कळ आली. सदरा घामाने भिजला, तोंड पांढरंफटक पडलं. शेजाऱ्याची जीप मागून आणली, त्यांना मागे आडवं घातलं, बायको उशाशी बसली. नदीवर आलो तर फरशीवरून कमरेएवढं पाणी.

दुसरा रस्ता होता, डोंगराला वळसा घालून, खड्ड्याखड्ड्यांतून दीड तास. मी गाडी वळवायला लागलो.

"कुटं निगालास?" आबा म्हणाले. "पाऊस उघाडून तास झालाय. थांब हितंच, उतरंल."

"आबा, उशीर हुईल."

"मला नदी शिकवतोस व्हय?"

मी थांबलो. काय करणार, आजवर नदीने त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

दोन तास गेले. आभाळ मोकळं झालं होतं आणि पाणी होतं तिथंच. नीट पाहिलं तर ते धड वाहतही नव्हतं, खालून तुंबत होतं. खालच्या वळणावर कुणा बंगलेवाल्याने उन्हाळ्यात भराव टाकून निम्मं पात्र गिळलं होतं. त्या भरावाचा मुरूम वाहिला होता माझ्या ट्रॅक्टरने. घरी आबांना मी सांगितलं होतं, रस्त्याचं काम चाललंय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या मी. आता कुणाला शिव्या घालू?

"अवो, वळवा की गाडी," बायको रडत म्हणाली.

वळवली. प्रत्येक खड्ड्याला आबा कण्हत होते. मी देवाला हात जोडत होतो आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारत होतो. इतका भ्यायलो मी कधीच नव्हतो. अर्ध्या वाटेत आबांनी डोळे उघडले. दुखण्याचं काही बोलले नाहीत.

"वर पाऊस न्हाई, मग पाणी का उतरंना?" त्यांनी विचारलं. "माजं काय चुकलं रं?"

तुमचं काही चुकलं नाही, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण ते म्हटलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आरशातून बायको माझ्याकडे बघत होती. तिला ट्रॅक्टरचं ठाऊक होतं.

"वय झालं आबा तुमचं," मी म्हणालो. "अंदाज चुकतो आता."

"व्हय," ते म्हणाले, "तसंच असंल." आणि तोंड फिरवून पडून राहिले. दवाखाना यायच्या आत गेले.