म्हशींनी ऐकलेली दवंडी

शेवटच्या संध्याकाळी आमी दोघं नवरा-बायको ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दुकानातून गूळ आणला होता, त्याचा कागद तिनं मांडीवर हातानं सपाट केला आणि माझ्यापुढं धरला. "वाचा." मी म्हटलं, "अगं, रद्दी हाय ती." "रद्दी असली म्हणून काय, कुणी तरी लिहिलीच हाय ना." मग वाचली. केसाला लावायच्या तेलाची जाहिरात होती, आणि खाली कुठल्या तरी पुलाचं भूमिपूजन. पूल वाचता वाचता कागद संपला. "पुढं?" "पुढं फाटलंय." तिनं शेंग सोलता सोलता मान हलवली. म्हणाली, "मंग पूल झाला का न्हाई, हे कसं कळावं माणसानं?"

कागदावर अंगठा उठवायच्या आधी तो कागद वाचून घेणारी बाई सेनगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंत एकच झाली, आणि ती माझ्या नशिबात बायको म्हणून आली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी तिसरी शिकलेला, त्यातलं एक वर्ष निजामाच्या राज्यात उर्दूत गेलेलं, म्हणजे हिशेबानं दोनच. असले अधू डोळे उसने घेऊन तिनं गावातला एकही सरकारी कागद सोडला नाही. रेशनच्या दुकानावर 'साखर संपली' अशी पाटी लागली की सारं गाव मुकाट्यानं परत फिरायचं. ही मला हाताला धरून पाटीपुढं उभी करायची. मी वाचलं की दुकानदाराला विचारायची, "संपली ते लिहिलंय. आली कधी होती ते कुठं लिहिलंय?" मलेरियावाले यायचे, दारावर खडूनं तारीख टाकायचे आणि फवारा न मारताच पुढच्या घरी जायचे. एकदा त्यातल्या एकाचं मनगट धरून तिनं त्याला थेट आमच्या माजघरात नेलं. "दारावर लिहिलंय ना मारलं म्हणून? मंग मारा." त्या बिचाऱ्यानं माजघर, न्हाणी, गोठा, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा फवारलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत तारीख शेवटी पडायची आणि फवारा आधी. तकलीफ एवढीच की दोन दिवस भाकरीला औषधाचा वास येत राहिला. तो तिनं मोठ्या समाधानानं खाल्ला.

पण गावात तिचं नाव झालं ते दुष्काळात. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला. बायका मैलभर ओढ्यात जाऊन झिरे खणायच्या आणि वाटी-वाटीनं घागर भरायच्या. सरकारातून एक विहीर मंजूर झाली होती. ती आमच्या वाडीत व्हावी एवढंच तिचं मागणं होतं, कारण त्या वर्षी तिच्या गुडघ्यानं जवाब दिला होता आणि घागर काही हलकी होत नव्हती. जागा ठरवायची ग्रामसभेनं, आणि ग्रामसभेच्या आधी दवंडी द्यायची, असा कायदा. दवंडीची वाट बघत ती महिनाभर कान लावून बसली.

त्यात आमची म्हैस सरपंचाच्या कडब्यात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. मोकाट जनावरं डांबायचा हा पंचायतीचा वाडा गावाबाहेर, स्मशानाच्या वाटेवर. म्हैस कोंडली तरी तिचं दूध थोडंच कोंडतं? म्हणून ही संध्याकाळी चरवी घेऊन तिथं धार काढायला गेली. ती म्हशीच्या आड बसलेली, आणि कोतवाल आला. इकडं तिकडं बघितलं, हळूच डफडं वाजवलं आणि सात म्हशी, दोन गाढवं आणि एका आंधळ्या बैलापुढं दवंडी दिली: "ऐका हो ऐका, उद्या सकाळी चावडीत ग्रामसभा हाय, समद्यांनी यावं." बायकोनं त्याला सारं म्हणू दिलं. मग म्हशीमागून म्हणाली, "यांना समजलं का, तेवढं इचारून घ्या कोतवाल भाऊ."

कोतवालाच्या हातातलं डफडं खाली पडलं. "वहिनी, मला वरून सांगितलंय गावाबाहेर द्या म्हणून. माझ्या पोटावर पाय देऊ नका." तो गरीब माणूस, सहा लेकरांचा बाप. "तुमचं नाव न्हाई येणार माझ्या तोंडून," असा शब्द तिनं त्याला दिला आणि तो पाळला. मला तिनं घरी येऊन एवढंच सांगितलं, "सकाळी म्हैस सोडवायचीय. तुमी चावडीत येऊन बसा."

सकाळी चावडीत सरपंच, ग्रामसेवक, चार मेंबर आणि मी. चहा आला होता. एवढ्यात म्हशी आल्या. दंड भरून सोडवलेल्या सातही म्हशी, गाढवं, आंधळा बैल, आणि त्यांच्यामागं डोक्यावर रिकाम्या घागरी घेतलेल्या आमच्या वाडीच्या साऱ्या बायका. आमची म्हैस थेट सतरंजीवर. सरपंच उठून उभे राहिले. "वहिनी, हे काय करून राहिल्या? जनावरं काहून आणली?"

"दवंडी यांनी ऐकली सरपंच साहेब. आमच्यातल्या कुणी ऐकली न्हाई. यांना पुढं बसू द्या, आमी मागं उभ्या राहतो."

बायका पदरात हसायला लागल्या, मग मेंबर हसले, आणि चहाचा कप हातात धरून मीही हसलो. तेव्हा मला माहीत नव्हतं की पुढची पाळी माझी आहे. ग्रामसेवकाला ती म्हणाली, "भाऊसाहेब, वहीत काय लिहिलंय ते वाचा." तो म्हणाला, "सभा झाल्यावर लिहीन ना." "मंग पानावर शाई कशाची हाय?" त्याला वाचावं लागलं. सभा व्हायच्या आधीच सभा झाली होती. विहीर सरपंचाच्या भावाच्या मळ्यालगत घ्यावी असं सर्वानुमते ठरलं होतं. सूचक म्हणून एक मेंबर. आणि अनुमोदक म्हणून, अक्षर माझंच, सही माझीच.

चार दिवसांपूर्वी हॉटेलात भज्याची प्लेट पुढं ठेवून ग्रामसेवकानं कोऱ्या पानावर सही मागितली होती. मी भजी खाता खाता केली. जिच्या घरात गुळाचा कागदही न वाचता टाकत नाहीत, तिच्या नवऱ्यानं कोऱ्या कागदावर सही केली. ती माझ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात म्हशीनं सतरंजीवर शेण टाकलं, तेव्हा कुठं तिची नजर हटली.

मी उठलो. म्हटलं, "माझी सही खोडा. मी वाचलं न्हवतं." आयुष्यात चावडीत बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. ग्रामसेवकानं सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी बायकांकडं. बायका हलेनात आणि म्हशी तर मुळीच हलेनात. शेवटी पान रद्द झालं, नवीन लिहिलं, बायकोनं ते दोनदा वाचून घेतलं. विहीर खालच्या वाडीत घ्यावी. त्यावर साऱ्याजणींनी अंगठे उठवले. मग ती ग्रामसेवकाला म्हणाली, "हजर म्हणून म्हशी बी लिहा. त्यांच्यामुळंच सभा झाली." तेवढं मात्र त्यानं लिहिलं नाही.

घरी आल्यावर माझा निकाल लागला. "विहिरीला पाणी लागेपर्यंत वढ्यावरून पाणी तुमी आणायचं." आणलं. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घागर, असा मी साऱ्या बायकांच्या रांगेत चाललेलो असायचो. पोरी मला 'अनुमोदक मामा' म्हणायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला विहिरीला पाणी लागलं, पहिली घागर तिनं शेंदली आणि मला म्हणाली, "घ्या, प्या. सुटलात तुमी." इतकं गोड पाणी मी परत प्यालो नाही.

यंदा तुरी निघाल्या, आणि त्या शेंगा सोलल्या त्याच्या पुढच्या पहाटे ती उठली नाही. दुपारपर्यंत सारं आटोपलं. त्याच स्मशानाच्या वाटेनं, कोंडवाड्यावरून नेलं. त्याच्या दारात म्हातारा कोतवाल डफडं न घेता उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मयताची नोंद करायला चावडीवर गेलो. ग्रामसेवक आता नवीन आहे, पोरसवदा. म्हणाला, "बाबा, इतकी काय घाई होती? बरं, इथं सही करा, मी भरून घेतो मागून."

मी म्हटलं, "आधी भरा."

त्यानं भरलं. सही करायला वही माझ्याकडं सरकवली.

"वाचा," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय अंदाजे, धंदा काही नाही. "काही नाही कसं? शेती लिहा," मी म्हटलं. त्यानं खोडून लिहिलं.

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी जन्मात कधी घेतलं नाही, तिला हाक मारायची तर 'अगं' एवढंच. मी खाली बसलो आणि म्हटलं, "भाऊसाहेब, पहिल्यापासून वाचा. नावापासून."

त्यानं पुन्हा वाचलं. मग मी सही केली.