चौकशी खिडकीचा पत्ता

चष्म्याच्या दुकानामागे दीड माणूस मावेल एवढी खोली होती. त्यात काचा घासायचं यंत्र, आणि त्याशेजारी बुटाच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटर सदा गुरगुरत असायचा. त्या गुरगुरण्यावर अख्ख्या वस्तीचा 'कट्टा' चालायचा. कट्टा म्हणजे दोनशे बारा सभासदांचा स्वतःचा छोटा सोशल सर्व्हर. कुणाची शिडी कुणाकडे गेली, कुणाकडे खोली भाड्याने आहे, कोण कुणावर रुसलंय, सगळं त्यावर. मोठ्या कंपन्यांच्या दारात कशाला जायचं, आपलं आपण चालवू, म्हणत दुकानमालकांनी सहा वर्षांपूर्वी तो सुरू केला. लोकांच्या चष्म्याचे नंबर काढता काढता त्यांना सगळे नंबरकाकाच म्हणू लागले होते.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र चालू ठेवायचं, त्यात काय एवढं? अहो, यंत्राचं काही नाही, ताप माणसांचा. कट्ट्यावर टोपणनावाने लिहायची मुभा, पण प्रत्येकाचा ईमेल पत्ता काकांच्या यादीत. लोक पासवर्ड विसरतात, नोकरी सोडताना तिथला ईमेलही तिथेच सोडून येतात, आणि मग खातं उघडेना म्हणून दारात हजर. उद्या कुणी भलताच येऊन दुसऱ्याचं खातं माझं म्हणाला तर? म्हणून काकांचा नियम असा, की पत्ता बदलायचा तर दुकानात यायचं, डोळे तपासायच्या खुर्चीवर बसायचं आणि त्या खात्याच्या मालकालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगायचं. शेजारचा किराणावाला तणतणला होता, तीस वर्षं ओळखतोस ना मला? तुला ओळखतो रे, काका म्हणाले, तुझ्या खात्याला कुठे ओळखतो? गरज नसताना यादीत डोकवायचं नाही, हा दुसरा नियम. तो मात्र त्यांना भारी जड जायचा, कारण गडी जात्याच चौकस.

सगळ्यात जास्त कुतूहल 'शिळी बातमी' या खात्याचं. रोज एक बातमी, तीही कुठल्याच वर्तमानपत्रात येणार नाही अशी. 'शिंप्याचं मांजर औषधवाल्याकडे राहायला गेलं. व्यवस्था तात्पुरती असल्याचं शिंपी सांगतो. मांजराने अद्याप काही कळवलेलं नाही.' काका दुकान उघडलं की आधी हे वाचत आणि मग केर काढत. कोण असेल हा प्राणी? एकदा यादी उघडली की काम फत्ते होतं. पण नाही उघडली. सहा वर्षं नाही उघडली, याचं मला तरी कौतुक वाटतं.

मग एका सोमवारी काकांनीच, स्वतःच्या नावाने, या खात्याला खासगी निरोप लिहिला. गेले चार महिने त्यांना उजव्या डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसत होती आणि मधोमध एक करडा डाग. डॉक्टर म्हणाले, बारीक काम हळूहळू सुटेल, मग डावा डोळाही. जन्मभर लोकांना तक्ता वाचायला लावणाऱ्या माणसाला हे कुणापाशी बोलवेना. त्यात लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली, येत्या रविवारी ती निघणार. आई नसलेली पोर, कळलं तर पाऊल उचलायची नाही. ओळखीच्यापेक्षा अनोळखी बरा, म्हणून त्यांनी शिळ्या बातमीला विचारलं, मुलीला सांगू की नको?

मंगळवारी त्यांनी कट्टा नव्या कॉम्प्युटरवर हलवला. त्यासाठी सगळ्यांना एकदा बाहेर काढून आत यायची लिंक ईमेलवर पाठवली. आणि त्या दिवसापासून शिळी बातमी गप्प.

काकांनी आपला निरोप पुन्हा काढून वाचला. आपल्या निरोपाने माणूस बिचकला की काय? मग दिसलं, त्यांनी पाठवलेली लिंक परत आली होती. असा पत्ताच नाही म्हणे. आता मात्र यादी उघडणं भाग होतं. पत्ता निघाला बस स्थानकाच्या चौकशी खिडकीचा. स्थानकाने सगळे ईमेल पत्ते बदलले होते, आणि त्या खिडकीत पाळीपाळीने तिघं बसत.

त्या दुपारी काकांचा हात कीबोर्डवर गेला, हे कबूल करायला हवं. त्या खात्याला क्षणभर स्वतःचा पत्ता लावला की आत शिरता येईल, निरोप वाचला गेला का ते कळेल, कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही. बोट बटणावर टेकलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते उठून चहा प्यायला गेले.

बुधवारपासून तीन दिवस ते चौकशी खिडकीपाशी. मागे रांग, त्यात कुणाचं गुपित उघडं कसं करायचं? म्हणून जायचं नसलेल्या गाड्यांची चौकशी. पहिला शिट्टी वाजवणारा पोरगेला कारकून, त्याला स्वतःच्या खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. दुसरा गृहस्थ विनोदी. हाच, असं म्हणेपर्यंत त्याने पाच विनोद सांगितले आणि पाचही रद्दड निघाले. तिसरी पन्नाशीची बाई. मान वर न करता म्हणाली, फलाट चार. उशीर आहे का? आहे. काकांनी तिच्यावर तिथल्या तिथे काट मारली.

शनिवारी संध्याकाळी तीच बाई दुकानात आली आणि न विचारता खुर्चीवर बसली. काका तक्त्याचा दिवा लावू लागले.

"नंबर नाही काढायचा," ती म्हणाली. "खातं उघडत नाही. शिळी बातमी."

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. पण नियम तो नियम. मालकालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा, म्हणाले. तिने आधी दुकानात कुणी नाही ना ते पाहिलं.

"तुम्हाला उजव्या डोळ्याने चौकट वाकडी दिसते," ती हळूच म्हणाली. "मुलीला सांगू की नको, विचारलंत. सोमवारीच वाचलं मी. उत्तर सुचेपर्यंत मंगळवार झाला आणि दार बंद."

मग इतके दिवस का नाही आलात, काकांनी विचारलं. आवाज जरा चिडकाच होता. ती म्हणाली, इथे यायचं म्हणजे मी कोण ते कळणार, आणि लिहायचं ते तोंडावर बोलायला लागणार. त्यात तुम्ही रोज येऊन भलत्याच गाड्या विचारत होतात, वाटलं, तुम्हीच विषय काढाल.

काका समोरच्या स्टुलावर बसले. त्यांना आता ती कोण, कशी लिहिते, काही विचारायचं नव्हतं. उत्तर तेवढं हवं होतं.

"माझ्या वडिलांनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी लांब होते. दोन वर्षं फोनवर आपलं छान आहे, छान आहे. मला शेजाऱ्यांकडून कळलं. आता ते नाहीत, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो काढू कुणावर?"

काका उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी तिचा नवा पत्ता टाइप केला. डागाआड अक्षरं निसटत होती, म्हणून तिने एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि त्यांनी ते मुकाट्याने दाखवू दिलं. लिंक पोचल्याचं बघून ती निघून गेली.

मग त्यांनी घरी फोन लावला. लेक घाईत होती, म्हणाली, बाबा, बॅग भरतेय, पटकन बोला.

"भर, भर. जायचं तर आहेच तुला," काका म्हणाले. "पण जरा खाली बस आणि मधे न बोलता ऐक. मला दिसायचं कमी होतंय."